विष सापडले, विष सापडले नाही

१२ नोव्हेंबर १९५६ च्या रात्री पुण्याहून मुंबईला निघालेल्या गाडीत एक बाई आणि एक डॉक्टर बसले. बाई म्हणजे लक्ष्मीबाई कर्वे. विधवा, पुण्यात शुक्रवार पेठेत स्वतःचे घर, पैसा-शेअर्स बाळगून असलेल्या, मधुमेहाचे दुखणे पाठीशी लागलेल्या. डॉक्टर अनंत चिंतामण लागू त्यांच्याच घरात राहणारे, त्यांच्या पूर्ण विश्वासातले. मुंबईत एका तज्ज्ञाला प्रकृती दाखवायची होती. पहाटे गाडी बोरीबंदरला पोचली तेव्हा बाई बेशुद्ध होत्या. डॉक्टरांनी त्यांना गोकुळदास तेजपाल रुग्णालयात दाखल केले, पण रुग्णाचे नाव खरे सांगितले नाही. दुपार होण्याआधीच बाई गेल्या. प्रेत न्यायला कोणी आले नाही, ते बेवारस म्हणून पडून राहिले. पुढे उत्तरीय तपासणी झाली, व्हिसेरा रासायनिक विश्लेषकाकडे गेला. विष सापडले नाही.

दुसरी घटनाही पुण्याचीच, जून १९८२ मधली. लग्नाला जेमतेम चार महिने झालेली एक तरुणी सकाळी बिछान्यात मृतावस्थेत आढळली. या वेळी विष सापडले, पोटॅशियम सायनाइड. संशय नवऱ्यावर आला.

दोन्ही खटले पुण्याच्या सत्र न्यायालयात चालले. दोन्हींत आरोपीला फाशीची शिक्षा झाली आणि मुंबई उच्च न्यायालयाने ती कायम केली. दोन्ही प्रकरणे सर्वोच्च न्यायालयात गेली. डिसेंबर १९५९ मध्ये तिथल्या तीन न्यायमूर्तींपैकी दोघांनी डॉ. लागूंची फाशी कायम केली, एकाने वेगळे मत लिहिले. जुलै १९८४ मध्ये त्याच न्यायालयाने दुसऱ्या खटल्यातील नवऱ्याची निर्दोष मुक्तता केली. कायद्याच्या पुस्तकांत हा निकाल ‘शरद बिरधीचंद सारडा विरुद्ध महाराष्ट्र राज्य’ या नावाने आहे. आजही देशात कुठेही परिस्थितीजन्य पुराव्यावर खुनाचा खटला उभा राहिला की या निकालाचे नाव निघाल्याशिवाय राहत नाही.

विष सापडले नाही तिथे फाशी आणि विष सापडले तिथे सुटका. वकिली शिकत असताना हे दोन निकाल मी एकाच आठवड्यात वाचले होते. त्या वेळी मला एक निकाल चुकीचा वाटला होता. कोणता, ते आता सांगण्यात अर्थ नाही, कारण मत एकदा नव्हे, दोनदा बदलले. पण खुनाच्या खटल्यातल्या पुराव्याविषयी सर्वसाधारण वाचकासाठी पुस्तक लिहावे असे मनात आले ते त्या आठवड्यामुळे. म्हणून ही प्रस्तावना त्या दोन खटल्यांपासूनच सुरू करतो.

लागू खटल्यात सरकार पक्षाकडे काय होते? बाईंच्या शरीरात काही सापडले नव्हते, पण बाई गेल्यानंतरचे डॉक्टरांचे वागणे कागदोपत्री जागोजाग नोंदले गेले होते. बाई जिवंत आहेत, तीर्थयात्रेला गेल्या आहेत, त्यांनी दुसरे लग्न केले आहे, आता त्या परत येणार नाहीत, अशा अर्थाची पत्रे त्यांच्याच नावाने नातेवाइकांना येत राहिली. त्यांचे शेअर्स, बँकेतला पैसा, घरातल्या वस्तू हळूहळू दुसऱ्या हाती गेल्या. त्या वारल्या आहेत हे ठाऊक असलेला त्यांच्या जगातला एकच माणूस होता, आणि तोच त्या जिवंत असल्याचे सगळ्यांना पटवत होता. न्यायमूर्ती हिदायतुल्ला यांनी निकालात मांडलेला विचार साधा आणि खोल आहे. औषधांचे ज्ञान असलेला माणूस माग न राहणारे विष निवडू शकतो. तेव्हा रासायनिक अहवालात विष आले नाही एवढ्यावरून खून झालाच नाही असे म्हणता आले, तर जो जितका हुशार तो तितका सुरक्षित ठरेल. मग पाहायचे काय? बाकीच्या सगळ्या गोष्टी मिळून असे जाळे विणले जाते का, ज्यातून निर्दोषपणाची एकही वाट निघत नाही.

सारडा खटल्यात विष होते, पण ते तिच्या मुखात कोणी घातले हे सांगणारे जाळे सबंध नव्हते. त्या मुलीने बहिणीला आणि मैत्रिणीला लिहिलेली पत्रे न्यायालयापुढे होती. सासरच्या एकटेपणाची, दुःखाची पत्रे. सरकार पक्षासाठी ती छळाची साक्ष होती. पण तीच पत्रे एका खचत चाललेल्या मनाचीही साक्ष देत होती, आणि खचलेले मन स्वतःच विषाकडे हात नेऊ शकते. ही शक्यता पुसून टाकणारे काही सरकार पक्षाला देता आले नाही. न्यायमूर्ती फजल अली यांनी या निकालात परिस्थितीजन्य पुराव्याच्या पाच कसोट्या सांगितल्या आणि त्यांना ‘पंचशील’ म्हटले. प्रत्येक परिस्थिती पूर्णपणे शाबीत हवी. सगळ्या परिस्थिती आरोपीच्या अपराधाशीच जुळणाऱ्या हव्यात. त्या निर्णायक स्वरूपाच्या हव्यात. दुसरी कोणतीही वाजवी शक्यता त्यांनी शिल्लक ठेवता कामा नये. आणि साखळी अशी अखंड हवी की निर्दोषत्वाला आधार उरणार नाही. पहिल्या कसोटीसाठी त्यांनी १९७३ च्या ‘शिवाजी साहेबराव बोबडे विरुद्ध महाराष्ट्र राज्य’ या निकालाचा हवाला दिला. ‘केले असावे’ आणि ‘केलेच असले पाहिजे’ यांत मोठे अंतर आहे, आणि ते अंतर तर्काने कापता येत नाही, त्याला पुरावा लागतो, असा तिथला मुद्दा आहे. मराठी माणसाला हे समजवावे लागू नये. ‘असावे’ आणि ‘असलेच पाहिजे’ यांतला फरक आपल्या व्याकरणातच आहे.

या दोन खटल्यांतून मी शिकलो ते असे. न्यायालयात वस्तू एकटी कधी बोलत नाही. कोयत्यावरचे रक्त, बाटलीतले विष, बोटांचे ठसे, डीएनए, मोबाइलच्या टॉवरची नोंद, या सगळ्यांना कोणीतरी माणूस हाताला धरून न्यायाधीशांसमोर उभे करावे लागते. ही वस्तू अमक्या ठिकाणी, अमक्या दिवशी, माझ्यासमोर मिळाली, असे शपथेवर सांगणारा कोणी नसला तर ती वस्तू म्हणजे मुद्देमालाच्या खोलीत लाखेने सीलबंद केलेले एक पुडके, एवढेच. खुनाच्या खटल्यात जो सर्वांत महत्त्वाचा साक्षीदार असायला हवा तो आधीच मेलेला असतो. त्याच्या जागी जे उभे राहतात ते बहुतेक वेळा भाजीवाले, शेजारी, सालगडी, रिक्षावाले, पोलिसपाटील अशी माणसे असतात. पुरावा म्हणजे शेवटी हीच माणसे.

वकिलीच्या सुरुवातीच्या काळात एका जिल्हा न्यायालयात मी ज्येष्ठ वकिलांच्या हाताखाली काम करत होतो. एका खटल्यात पंच म्हणून आलेला एक गवंडी सकाळी साडेदहापासून व्हरांड्यात उकिडवा बसला होता. बसायला बाक नव्हता. त्याचा पुकारा झाला चार वाजता. सरतपासणीत पाच मिनिटे आणि उलटतपासणीत चाळीस मिनिटे गेली. आरोपीने शेतातल्या विहिरीजवळून कोयता काढून दिला तेव्हा तू कुठे उभा होतास? विहिरीला कठडा होता का? कोयता कशात गुंडाळला होता? पंचनामा कोणी लिहिला, कुठे बसून लिहिला, सही केलीस तेव्हा वाचून दाखवला होता का? वकिलांनी आपले काम चोख केले, आणि ते त्यांनी करायलाच हवे होते. पण बाहेर आल्यावर त्या माणसाने विचारले, ‘साहेब, माझ्यावर कसला आरोप आहे?’ हा प्रश्न मला पुस्तक लिहिताना जवळजवळ रोज आठवला.

त्या गवंड्याच्या साक्षीमागे जुना कायदा उभा होता. १८७२ चा भारतीय पुरावा कायदा जेम्स फिट्झजेम्स स्टीफन यांनी रचला. पोलिसांपुढे दिलेली कबुली पुरावा होत नाही, हे त्या कायद्याचे एक मोठे सूत्र. कारण उघड आहे, कोठडीत माणसाकडून काहीही वदवून घेता येते. पण कलम २७ ने त्यातच एक दार ठेवले. आरोपीने दिलेल्या माहितीवरून एखादी वस्तू प्रत्यक्ष सापडली, तर त्या सापडण्याशी थेट जोडलेला तेवढा भाग ग्राह्य. निवेदन पंचनाम्यात नेहमी दिसणारे वाक्य घ्या: ‘ज्या कोयत्याने मी त्याला मारले तो मी लपवून ठेवलेला कोयता काढून देतो.’ यातले ‘मारले’ कायद्याने बाजूला राहते, ‘लपवून ठेवलेला काढून देतो’ तेवढे आत येते. १९४६ मध्ये पुलुकुरी कोट्टय्या खटल्यात लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलने ही रेघ स्पष्ट आखली. वस्तू सापडल्याने शाबीत होते ते एवढेच की ती तिथे आहे हे आरोपीला माहीत होते. खून त्या वस्तूनेच झाला, हे सिद्ध करायला वेगळा पुरावा लागतो. वर्तमानपत्रात ‘आरोपीने हत्यार काढून दिले’ अशी बातमी वाचली की आपण मनातल्या मनात खटला संपवतो. कायद्याच्या दृष्टीने तिथे तो जेमतेम सुरू होतो. आणि ‘काढून दिले’ हे सांगणारा कोण? तोच, व्हरांड्यात उकिडवा बसलेला.

१ जुलै २०२४ पासून भारतीय साक्ष्य अधिनियम लागू झाला. कलमांचे आकडे बदलले, कलम २७ मधला विचार कलम २३ च्या परंतुकात गेला, सोबत आलेल्या नव्या फौजदारी प्रक्रिया संहितेमुळे झडती-जप्तीचे दृक्‌श्राव्य चित्रीकरण बंधनकारक झाले, सात वर्षे वा अधिक शिक्षेच्या गुन्ह्यांत न्यायवैद्यक तज्ज्ञांनी घटनास्थळी जाणे ठरले. चित्रीकरणामुळे पंचावरचा भार काही प्रमाणात हलका होईल असे मला मनापासून वाटते. पण मूळ तत्त्वे स्टीफनच्या वेळची आहेत, म्हणून पुस्तकात जुने निकाल विस्ताराने घेतले आहेत.

साक्षीदाराच्या आठवणीबद्दल थोडे थांबून बोलायला हवे, कारण उलटतपासणीचा सगळा खेळ तिथे असतो. घटना घडते तेव्हा पोलीस जबाब लिहून घेतात. त्या जबाबावर साक्षीदाराची सही नसते. खटल्यात तो जबाब पुरावा म्हणून वापरता येत नाही, साक्षीदाराला खोटे पाडण्यापुरता वापरता येतो. साक्ष होते ती कधी दोन वर्षांनी, कधी सात वर्षांनी. ‘आरोपीने लाल शर्ट घातला होता हे तुम्ही पोलिसांना सांगितले होते का? जबाबात ते का नाही?’ वकिलांच्या बोलीत हे ‘ओमिशन’. जबाबात एक आणि कोर्टात दुसरे आले तर ते ‘काँट्रॅडिक्शन’, मग जबाबाच्या त्या ओळींवर ‘पोर्शन मार्क ए’ अशी खूण होते आणि तपासी अंमलदार साक्षीला आला की त्याच्याकडून ती शाबीत करून घेतली जाते. साक्षीदाराच्या मनात मात्र तो लाल शर्ट खरेच असू शकतो. जबाब लिहिणाऱ्या हवालदाराने तो विचारला नसेल, किंवा लिहिला नसेल.

माणसाची स्मृती म्हणजे चित्रफीत नव्हे, तपशिलातल्या किरकोळ विसंगतींनी साक्ष कोसळत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने १९८३ च्या भरवाडा भोगीनभाई हिरजीभाई खटल्यात फार समजुतीने मांडले. आकस्मिक घटनेने माणूस बावरतो, वेळेचा अंदाज चुकतो, कोण आधी बोलले ते उलटसुलट होते. त्याच्याही आधी, १९५७ च्या वडिवेलू थेवर खटल्यात साक्षीदारांचे तीन वर्ग केले होते: पूर्ण विश्वासार्ह, पूर्ण अविश्वासार्ह आणि या दोन्हींच्या मधला. पहिल्याची एकट्याची साक्षही शिक्षेला पुरते, कारण आपला कायदा साक्षीदार मोजत नाही, तोलतो. दुसऱ्याचा प्रश्नच नाही. न्यायाधीशाची खरी कसोटी लागते ती तिसऱ्यापाशी, आणि माझ्या अनुभवात बहुतेक साक्षीदार तिसरेच असतात.

‘साक्षीदार मयताचा भाऊ आहे, म्हणून खोटे बोलतो’ हा युक्तिवाद मी इतक्यांदा ऐकला आहे की त्याविषयी लिहिताना हात जरा जड होतो. नागपूरच्या उच्च न्यायालयात मोठी कारकीर्द झालेल्या न्यायमूर्ती व्हिव्हियन बोस यांनी १९५३ मध्ये दलीपसिंग खटल्यात याचे उत्तर देऊन ठेवले आहे. जवळचा नातेवाईक खऱ्या गुन्हेगाराला सोडून निरपराध माणसाला गोवण्यात सर्वांत शेवटी असेल. वैर असेल तर जादा माणसे गोवली जाण्याचा धोका असतो, तो तपासायचा. पण नाते हा दोष नव्हे. घरात खून झाला तर घरचेच पाहणार. रात्री दोन वाजता शेतवस्तीवर निःपक्षपाती परका साक्षीदार कुठून आणायचा?

मेलेल्या माणसाचा आवाज न्यायालयात येऊ शकतो असा मुख्य मार्ग एकच आहे, मृत्युपूर्व जबानीचा. इथेही महाराष्ट्राशी जोडलेला एक निकाल पायाचा आहे. फेब्रुवारी १९५६ मध्ये नागपुरात एका माणसावर हल्ला झाला. रुग्णालयात त्याने डॉक्टरांना, पोलिसांना आणि दंडाधिकाऱ्यांना थोड्या थोड्या अंतराने कोणी मारले ते सांगितले आणि तो गेला. ‘खुशाल राव विरुद्ध मुंबई राज्य’ या निकालात सर्वोच्च न्यायालयाने १९५७ मध्ये ठरवले की अशी जबानी खरी आणि स्वेच्छेची वाटली तर तिच्या एकटीवर शिक्षा देता येते, दुसऱ्या पुराव्याचा टेकू असलाच पाहिजे असा नियम नाही. हा नियम जितका दिलासा देणारा तितकाच जोखमीचा आहे, कारण त्या माणसाची उलटतपासणी कधीच होणार नसते. म्हणून न्यायालय विचारते: तो शुद्धीवर होता का? आधी कोण भेटून गेले होते? प्रश्न काय विचारले, उत्तर त्याच्याच शब्दांत लिहिले का? जळालेल्या बाईच्या खाटेजवळ सासरचे उभे होते की माहेरचे? २००२ मध्ये ‘लक्ष्मण विरुद्ध महाराष्ट्र राज्य’ या खटल्यात पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने सांगितले की डॉक्टरांचा दाखला नाही एवढ्याने जबानी फेटाळायची नाही, ती घेणाऱ्याची खात्री पटली होती का हे पाहायचे. भाजलेल्या स्त्रियांच्या जबान्यांची कागदपत्रे मी शेकड्यांनी वाचली आहेत. अंगठा भाजलेला असल्यामुळे सहीच्या जागी पायाच्या अंगठ्याचा ठसा घेतलेली जबानी एकदा हातात आली होती. त्या दिवशी दुसरे काही वाचले नाही.

माफीच्या साक्षीदारावर पुस्तकात एक स्वतंत्र प्रकरण आहे, म्हणून इथे थोडक्यात. १९७६-७७ च्या जोशी-अभ्यंकर हत्याकांडाने पुणे संध्याकाळी सातनंतर दारे लावून बसू लागले होते. आरोपींच्याच वर्तुळातला एक जण माफीचा साक्षीदार झाला. अशा साक्षीकडे कायदा दोन्ही डोळे उघडे ठेवून पाहतो, कारण स्वतःची मान सोडवण्यासाठी तो दुसऱ्याची अडकवत असू शकतो. त्याच्या सांगण्याला बाहेरून दुजोरा लागतो. त्या प्रकरणात चौघांना २७ नोव्हेंबर १९८३ रोजी येरवड्यात फाशी झाली.

आणि फितूर साक्षीदार. हा शब्द आपण सहज वापरतो, जणू किल्ल्याचा दरवाजा शत्रूला उघडून देणारा. कायद्याच्या भाषेत अर्थ एवढाच की ज्या पक्षाने बोलावले त्याच पक्षाला त्याची उलटतपासणी करायची परवानगी मिळाली. त्याची सारी साक्ष वाया जात नाही, खरा वाटेल तेवढा भाग घेता येतो. तो का फिरला हे विचारायला मात्र आपण कचरतो. वडोदऱ्याच्या बेस्ट बेकरी प्रकरणात साक्षीदार एकामागून एक फिरले, सगळे आरोपी सुटले. सर्वोच्च न्यायालयाने २००४ मध्ये तो खटला नव्याने चालवण्यासाठी महाराष्ट्रात पाठवला. साक्षीदार बोलू शकत नसेल तर खटला हा केवळ देखावा ठरतो, असे त्या निकालाचे म्हणणे. त्यानंतर २०१७ मध्ये महाराष्ट्राने साक्षीदारांच्या संरक्षणाचा कायदा केला, २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने संरक्षण योजना देशभर लागू केली. चांगलेच झाले. पण बंदुकधारी शिपाई ज्याच्या दारात उभा करावा लागतो असे साक्षीदार थोडे असतात. बाकीचे धमकीने कमी आणि तारखांनी जास्त फिरतात. सहाव्यांदा रजा टाकून, एसटीने दोन तास येऊन ‘आज साहेब रजेवर आहेत’ हे ऐकलेला माणूस सातव्यांदा म्हणतो, मला काही आठवत नाही. खरे तर त्याला सगळे आठवत असते. २००० च्या स्वर्णसिंग खटल्यात सर्वोच्च न्यायालयानेच लिहिले आहे की साक्षीदाराला बसायला जागा नाही, प्यायला पाणी नाही, वेळेवर भत्ता नाही, आणि मग लोक साक्षीला का येत नाहीत याचे आपण नवल करतो. त्या निकालाला पाव शतक होऊन गेले.

लागू खटल्याचे कागद वाचताना मला शिक्षेपेक्षा जास्त जाणवते ते एवढेच की त्या बाईला ओळखणारी माणसे बोलायला आली. रुग्णालयातले डॉक्टर, परिचारिका, नातेवाईक, बँकेतली माणसे, शेजारी. कोणाच्याही एकट्याच्या साक्षीत खून नव्हता. कोणी सांगितले की रुग्ण अमक्या वेळी आला, कोणी सांगितले की हे अक्षर तिचे नव्हे, कोणी सांगितले की ती असे न सांगता जाणारी नव्हती. शहराच्या शवागारात नाव नसलेल्या त्या बाईला या सगळ्यांनी मिळून तिचे नाव परत दिले.

तो गवंडी त्या दिवशी साक्ष देऊन निघाला तेव्हा साडेपाच वाजत आले होते. भत्त्याची खिडकी बंद झाली होती. त्याने दुसऱ्या दिवशी यायला नकार दिला, कारण दुसऱ्या दिवशी स्लॅब होता. खटल्याचा निकाल काय लागला हे विचारायला तो नंतर कधी आला नाही. मात्र त्याने शपथेवर सांगितले होते की विहिरीला कठडा नव्हता, आणि निकालपत्राच्या एका परिच्छेदात ते वाक्य तसेच, त्याच्याच शब्दांत, उतरले आहे.